जपानी नकार आणि आपली वर्णमाला

जपानी शिकावयास बसलेल्या मराठी माणसाची पहिली धास्ती लिपीची असते, आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु लिपीचा तो डोंगर क्षणभर बाजूस ठेवून केवळ नकाराच्या वाक्याकडे पाहिले, तर परक्या मुलुखातले कायदे आपल्याच दप्तरातून गेले की काय, असा संशय यावा इतकी ती रचना परिचयाची निघते. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी; सबब समोरचा मासे खातो की खात नाही, याचा फैसला वाक्य संपेपर्यंत लागत नाही.

आरंभ आदरार्थी रूपांनीच करावा. ‘ताबेमास’ म्हणजे खातो, ‘ताबेमासेन’ म्हणजे खात नाही, आणि ‘ताबेमासेन देश्ता’ म्हणजे खाल्ले नाही. कर्ता मी असो, तू असो वा ते असोत, रूप तेच, त्यामुळे ‘नाही, नाहीस, नाहीत’ ही आपली कसरत तेथे नाही. मात्र ‘साकाना ओ ताबेमास’ (मासे खातो) याचा नकार करताना ‘ओ’च्या जागी पुष्कळदा ‘वा’ येतो, आणि ‘साकाना वा ताबेमासेन’ म्हणताच ‘मासे तेवढे खात नाही’ अशी छटा उमटते.

घरगुती बोलण्यातला नकार ‘नाइ’ने होतो, आणि येथे आपली वर्णमाला उपयोगी पडते. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी, हा जपानी कोष्टकाचा क्रम संस्कृत वर्णक्रमावरून आलेला आहे. 804 साली चीनला जाऊन 806 साली परतलेल्या कूकाईसारख्या बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीचे जे अध्ययन जपानात रुजवले, त्याचे हे फळ. ‘च’च्या जागी ‘सा’ बसला आहे आणि ‘प’च्या जागी ‘हा’, कारण तो पूर्वी ‘पा’च होता, एवढे ध्यानी घेतले की कोष्टक घरचे वाटू लागते. आता ‘काकु’ (लिहिणे), ‘योमु’ (वाचणे), ‘नोमु’ (पिणे) यांच्या अंत्य अक्षराचा ‘उ’ काढून त्याच ओळीतला ‘आ’ घ्यावा आणि ‘नाइ’ जोडावे: काकानाइ, योमानाइ, नोमानाइ. ‘काउ’ (विकत घेणे) याचे मात्र ‘कावानाइ’ होते. ‘ताबेरु’, ‘मिरु’ यांच्या जातीची क्रियापदे ‘रु’ टाकून ‘ताबेनाइ’, ‘मिनाइ’ होतात. ‘सुरु’चे शिनाइ आणि ‘कुरु’चे कोनाइ ही दोन पाठच करावीत.

अपवादांत मला सर्वांत प्रिय ‘आरु’, म्हणजे निर्जीव वस्तूंचे ‘असणे’. त्याचा नकार ‘आरानाइ’ नव्हे, नुसता ‘नाइ’. आपणही ‘आहे’चा नकार नियमाने न करता ‘नाही’ असा निराळाच शब्द घेतो. (सजीवांसाठी ‘इरु’, त्याचे ‘इनाइ’.) आणि ‘मी विद्यार्थी नव्हे’ यातला, हल्ली आपण निष्कारण टाकून देत असलेला ‘नव्हे’ जपानीत शाबूत आहे: ‘वाताशि वा गाकुसेइ देवा आरिमासेन’, बोलण्यात ‘जा आरिमासेन’.

विशेषणांपाशी माझी फजिती झाली. ‘ताकाइ’ म्हणजे महाग. ‘महाग नाही’ म्हणावयाचे म्हणून, नामाचा कित्ता गिरवीत, मी एका वस्तूकडे बोट दाखवून ‘ताकाइ जा नाइ’ म्हणालो, तेही स्वर चढवून, आणि ऐकणाऱ्याने ते ‘महागच आहे, नाही का?’ असे घेऊन माझ्या काटकसरीस मान डोलावली. ‘इ’कारान्त विशेषणाचा तो ‘इ’ काढून ‘कुनाइ’ लावावे लागते: ताकाकुनाइ. ‘इइ’ (चांगले) याचे ‘योकुनाइ’ होते.

इतके साधले की आमंत्रणही नकारानेच देता येते: ‘ओचा ओ नोमिमासेन का’, म्हणजे ‘चहा घेणार नाही का?’ उत्तरादाखल यजमानाच्या तोंडावर ‘नोमिमासेन’ म्हणणे मात्र उद्धटपणाचे ठरते. तेथे ‘चोत्तो…’ म्हणजे ‘जरा…’ एवढेच म्हणून थांबावे, क्रियापद येतच नाही आणि नकार पोहोचलेला असतो.