मूळ की संयुक्त?

सात ही कोणती संख्या आहे, असे विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "मूळ संख्या." ९१ विचारले तर थोडे थांबाल. मग ध्यानात येईल, की ७ × १३ = ९१, म्हणून ती संयुक्त संख्या आहे. आता ही संख्या पाहा :

४,२९,४९,६७,२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव! ही मूळ की संयुक्त? या प्रश्नाने एका थोर गणितज्ञालाही चकवले होते.

त्यांचे नाव पिएर फर्मा. ते फ्रान्समधील तुलूज शहरी न्यायखात्यात काम करत. गणित हा त्यांचा छंद होता. त्यांनी एक गंमत पाहिली. २ ही संख्या घ्या. तिचा वर्ग ४, चारचा वर्ग १६, सोळाचा २५६ आणि त्याचा ६५,५३६. आता प्रत्येकीत १ मिळवा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत! तेव्हा या ओळीतील पुढच्या सगळ्या संख्याही मूळच असणार, असे फर्मा यांनी १६४० साली पत्रातून कळवले. मात्र आपल्याजवळ पक्की सिद्धता नाही, हेही त्यांनी कबूल केले.

ओळीतील सहावी संख्या म्हणजेच आपली ही अब्जातली संख्या. तिची परीक्षा कशी घ्यावी? एककस्थानी ७ आहे, म्हणून २ आणि ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणून ३ नेही नाही. असे करत ६५,५३६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. त्या आहेत ६,५४२! एका भागाकाराला दोनच मिनिटे धरली, तरी दोनशेहून अधिक तास लागतील.

जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १७२९ साली गोल्डबाख यांनी हा प्रश्न लिओनार्ड ऑयलर यांना पत्रातून कळवला. १७३२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ऑयलर यांनी उत्तर जाहीर केले :

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७

संख्या संयुक्त निघाली! फर्मा यांचा अंदाज चुकला.

ऑयलर यांनी पुढे यामागची युक्तीही सांगितली. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले, तर बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या फार थोड्या आहेत : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे हजारो भागाकारांऐवजी पाचच पुरे! खरे तर फर्मा यांनी २, ३, ५ असे ओळीने भागाकार केले असते, तरी ११६ व्या भागाकारात त्यांना ६४१ सापडली असती. एवढ्या हुशार माणसाने ते का केले नसावे, याचे नवल वाटते.

तुम्ही वही घ्या आणि ६४१ ने भागून पाहा. बाकी शून्य येईल.

त्या ओळीतील पुढच्या अनेक संख्या आता संगणकाने तपासल्या आहेत. ६५,५३७ नंतर एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही. पण पुढे कधी सापडणारच नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही.