ख्रिस्ती समूहगायन, मराठी

ख्रिस्ती उपासनेत तसेच नाताळ, पुनरुत्थान इ. सणांच्या प्रसंगी मंडळीने, किंवा मंडळीच्या वतीने गायकवृंदाने, एकत्र गावयाचे संगीत. ‘मंडळी’ ही मराठी ख्रिस्ती समाजातील रूढ संज्ञा असून तीत एका चर्चच्या उपासकांचा समुदाय अभिप्रेत असतो. या गायनाच्या मराठीत दोन परंपरा आहेत : पाश्चात्त्य चालींवर बसविलेली, बहुधा भाषांतरित गीते व ओवी, अभंग, पद, साकी, दिंडी यांसारख्या देशी रचना. दोन्ही परंपरा एकाच पुस्तकात छापल्या जातात आणि पुष्कळदा एकाच उपासनेत पाठोपाठ गाइल्या जातात. तरी त्यांची संगीतविषयक तत्त्वे भिन्न आहेत. सातारा व सांगली या जिल्ह्यांत हा भेद विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या परिसराचा प्राधान्याने विचार केला आहे.

मराठीतील ख्रिस्ती काव्यगायनाचा आरंभ गोमंतकात झाला. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये रविवारी व सणांच्या दिवशी मोठ्याने गाइला जाई. तथापि १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध आले आणि देशावरच्या पुढील ख्रिस्ती मंडळ्यांपर्यंत ही परंपरा अखंडपणे पोहोचली नाही. एकोणिसाव्या शतकात देशावर जे गायन रुजले, त्याचा उगम प्रॉटेस्टंट मिशनांत आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले व पुढच्याच वर्षी या मिशनने तेथे ठाणे उघडले. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात १८५२ मध्ये सुरू केलेले कार्य १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळाकडे आले. त्याची सांगली (१८८४) व मिरज (१८९२) ही ठाणी पुढील काळातील होत. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलेले रुग्णालय प्रसिद्धच आहे. म्हणजे साताऱ्याची मंडळी काँग्रिगेशनल परंपरेतील, तर सांगली-मिरजेची प्रेसबिटेरियन परंपरेतील. पहिल्या परंपरेत आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) याच्या काळापासून नव्या गीतांना मुक्तद्वार होते. दुसरीत बायबलातील स्तोत्रे छंदोबद्ध करून गाण्यावर मूळचा भर होता. मराठी मंडळ्यांत मात्र हा फरक फारसा टिकला नाही. दोन्ही मिशने अमेरिकन असल्याने १८७० नंतर आयरा सँकी याच्या धर्तीची, प्रत्येक कडव्यानंतर पालुपद येणारी सुवार्तागीते दोन्हींकडे लोकप्रिय झाली. पालुपद मराठी श्रोत्याला ध्रुपदामुळे परिचित होते, हेही त्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. १९२४ मध्ये दोन्ही परंपरा युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या आणि १९७० मध्ये नागपूर येथे त्यातून व इतर काही संघटनांतून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली.

भाषांतरित गीतांची अडचण : इंग्रजी पद्याची घडण आघातावर आधारलेली असते, तर मराठी वृत्ताची अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घतेवर किंवा संख्येवर. पाश्चात्त्य चालीत तालाच्या जोरदार मात्रेवर आघातयुक्त अक्षर येते व तेच बहुधा लांबविले जाते. अशी चाल जशीच्या तशी ठेवून तीत मराठी शब्द घातले, की जोर व लांबी भलत्याच अक्षरावर पडते. ‘दिन’ या शब्दातील पहिले अक्षर दोन मात्रा ओढले, की ऐकणाऱ्याला ‘दीन’ ऐकू येते. ‘सुत’ ओढला, की देवाच्या पुत्राचे कापसाचे सूत होते. गाणाऱ्याला अर्थ ठाऊक असल्याने त्याला हे खटकत नाही, परंतु प्रथमच ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. आणि मिशनच्या दृष्टीने महत्त्वाचा श्रोता तर हा दुसराच होता. येथे एक आक्षेप संभवतो. ओवी-अभंगातही गाताना ऱ्हस्व अक्षरे दीर्घ केली जातातच. ते खरे आहे; परंतु तेथे सर्व अक्षरे सारख्याच मापाने उच्चारण्याचा संकेत असून कानाला त्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. शिवाय गाणारा शब्दाच्या अर्थाप्रमाणे चाल थोडी पुढेमागे करू शकतो. चार आवाजांत बसविलेल्या गीतात ही मोकळीक नसते. एकाने स्वर लांबविला, तर उरलेल्या तिघांचा मेळ बिघडतो.

दुसरी अडचण खुद्द या मेळाची आहे. पाश्चात्त्य समूहगायनात सोप्रानो व आल्टो हे स्त्रियांचे वा मुलांचे, आणि टेनर व बास हे पुरुषांचे आवाज एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात व त्यांतून बदलत जाणारे स्वरसंघात निर्माण होतात. भारतीय रागसंगीतात षड्ज अचल असतो आणि माधुर्य एकाच स्वरपंक्तीच्या विस्तारातून साधले जाते. रागाधारित चालीला स्वरसंघातांची जोड दिली, की वर्ज्य स्वर आत शिरण्याचा व षड्जाचे स्थान डळमळण्याचा धोका असतो. पेटी या दोहोंच्या मध्ये उभी आहे. युरोपात १८४२ मध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य मिशनांबरोबर पायभात्याच्या रूपात आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तयार केलेल्या हातभात्याच्या नमुन्यामुळे ते जमिनीवर बसून वाजविता येऊ लागले आणि भजनी मंडळापासून नाट्यगृहापर्यंत सर्वत्र पसरले. मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावीही चर्चमध्ये तंबोऱ्याला स्थान मिळाले नाही, पेटीला मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

देशी चालींचा स्वीकार : आरंभीच्या मिशनऱ्यांना देशी चालींविषयी संकोच होता. त्या देवळातील आरतीची किंवा तमाशाच्या फडाची आठवण करून देतात, अशी त्यांची धारणा होती. हा अडसर प्रथम अहमदनगरच्या बाजूस दूर झाला. तेथे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी १८६० नंतरच्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, साथीला टाळ-मृदंग व मधूनमधून आर्या, साकी, दिंडी, पदे असे त्याचे स्वरूप होते. सांगली परिसराला या चाली नवीन नव्हत्या. विष्णुदास भावे यांचे सीतास्वयंवर १८४३ मध्ये सांगलीतच रंगभूमीवर आले व संगीत नाटककार गोविंद बल्लाळ देवल हेही सांगलीजवळच्या हरिपूरचेच. नाटकातील पदाची चाल तिकीट काढणाऱ्यापुरती राहत नाही. ती घराघरांत शिरते आणि तेथून उपासनेतही येते.

या परंपरेला खरी प्रतिष्ठा दिली ती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर येथे असताना त्यांनी उपासनेसाठी विपुल पदे रचली. त्यांतील अनेक १८४२ पासून चालत आलेल्या ज्ञानोदय नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडेच होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार ते काढीत, आणि त्यांच्या अभंगांजलीची घडण त्याची साक्ष देते. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण व लहान अभंगाचे आठ-आठ अक्षरांचे चरण इतके सुटसुटीत असतात, की निरक्षर माणूसही दोनदा ऐकून ते म्हणू शकतो. वर सांगितलेली शब्द आणि चाल यांची ओढाताण येथे उद्‌भवतच नाही. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ मध्ये, टिळक साताऱ्यास आले व तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंस्था उभारली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. भजन हे अशा मेळाव्याचे स्वाभाविक साधन होय. १९१९ मध्ये टिळकांच्या निधनाने हा प्रयोग फार काळ चालला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) पूर्ण केले. टिळकांच्या काही पदांची निकल मॅकनिकल यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे इंग्रजी गीतसंग्रहांत समाविष्ट झाली. मराठीत एवढी भाषांतरित गीते येत असताना हा उलट प्रवास घडला, हे नमूद करण्याजोगे आहे.

मराठी मंडळ्यांत सर्वाधिक प्रचारात असलेला उपासना संगीत हा संग्रह या दोन्ही परंपरांना सामावून घेतो व त्यात टिळकांच्या पदांचा भरणा मोठा आहे. सातारा-सांगलीच्या खेड्यांतील मंडळ्यांत पूर्वीच्या महार-मांग समाजांतून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. एकतारीवरची भजने व हलगी-सनईचे वादन हा त्यांचा वारसा. त्यातील भजन उपासनेत सहज सामावले. हलगी मात्र बराच काळ चर्चच्या उंबऱ्याबाहेर, मिरवणुकीपुरती राहिली. वाद्याबरोबर ते वाजविणाऱ्याचे जुने सामाजिक स्थानही आठवते, हे त्यामागील कारण नाकारता येत नाही.

थंड हवेच्या ठिकाणचे वृंद : सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर व पाचगणी येथे इंग्रजी उपासनेची वेगळी शाखा वाढली. युरोपीय रहिवाशांसाठी बांधलेली चर्चे व निवासी शाळा यांतून चार आवाजांचे गायन त्याच्या मूळ भाषेत व मूळ पद्धतीने शिकविले जाई. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या गायकवृंदात १९५५ नंतरच्या काळात गाणारा फारुख बलसारा हा विद्यार्थी पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. त्याच्या ध्वनिमुद्रिकांतील एकावर एक रचलेल्या आवाजांचे मूळ या शालेय वृंदात शोधण्याचा मोह होतो. त्याला फार महत्त्व देऊ नये. घाटाखालच्या मराठी मंडळ्यांशी या शाळांचा सांगीतिक संबंध अल्पच होता.

रोमन कॅथलिक उपासनेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाव देईपर्यंत लॅटिन गायन चाले. त्यानंतर मिस्सा मराठीत होऊ लागला व मराठी गीतांची निकड भासली. या कामी वसई परिसरातील मराठी कॅथलिकांचा वाटा मोठा आहे.

नाताळचे गायन : ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला; मिशने अमेरिकन असूनही शब्द तोच राहिला. दिवाळी सरल्यावर वृंदाचा सराव सुरू होतो. डिसेंबरात तरुणांची टोळी पेटी, ढोलकी, झांजा घेऊन रात्री घरोघर गात हिंडते. यजमान चहा व फराळ देतात आणि चर्चच्या कामासाठी वर्गणीही घालतात. मिशन रुग्णालयांत वॉर्डांतून गात फिरण्याची प्रथा आहे. यांत ‘सायलेंट नाइट’ या ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला प्रथम गाइल्या गेलेल्या गीताचे मराठी रूप असतेच. मूळ चाल संथ व तीन मात्रांची असल्याने तीत मराठी शब्द इतर भाषांतरांहून बरे बसतात. नऊ बायबलवाचने व त्यांमध्ये गीते असा जो कार्यक्रम इंग्लंडमध्ये ट्रूरो येथे १८८० मध्ये सुरू झाला व केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमुळे १९१८ पासून सर्वत्र पोहोचला, त्याचे अनुकरण शहरी मंडळ्या करतात. हँडलच्या मसाया (१७४२) मधील ‘हालेलूया’ हा वृंदखंड बसविणे ही प्रत्येक महत्त्वाकांक्षी वृंदाची इच्छा असते. तो झेपतो थोड्यांना. पुरुषांचे आवाज अपुरे पडतात व टेनर बासच्या मागे फरफटत जातो.

याउलट याच कार्यक्रमातील पाळणा सर्वांना झेपतो. रामनवमी व गोकुळाष्टमीला देवाचा पाळणा म्हणण्याची महाराष्ट्रातील प्रथा ख्रिस्तजन्मालाही सहज लागू पडली. स्त्रिया पाळणा गातात, कडव्याच्या अखेरीस सर्वजण पालुपद उचलतात, आणि पुरुषांनी नुसता षड्ज-पंचम धरून ठेवला तरी त्याला भारदस्तपणा येतो. रागाला धक्का न लावता समूहाचा घनपणा साधण्याचा हा साधा उपाय प्रस्तुत लेखकास स्वरसंघातांच्या अनेक हौशी प्रयोगांपेक्षा अधिक फलदायी वाटतो.

स्वरलेखनाचा प्रश्न : सर्वांच्या हाती असलेल्या मराठी गीतसंग्रहात केवळ शब्द असतात, वर फार तर चालीचा, रागाचा किंवा वृत्ताचा निर्देश असतो. पाश्चात्त्य चालींचे स्वरलेखन इंग्रजी पुस्तकांत सुरक्षित आहे, त्यामुळे विस्मरणात गेलेली चाल केव्हाही परत मिळविता येते. देशी चालींचे तसे नाही. ‘अमुक पदाची चाल’ असा निर्देश असला आणि ते मूळ नाटकपदच कोणाच्या कानावर नसले, की निर्देश निरुपयोगी ठरतो. मग ते गीत मागे पडते, किंवा त्याला चित्रपटगीताच्या वळणाची नवी चाल मिळते. एकाच पदाची साताऱ्याकडील व मिरजेकडील चाल वेगळी असू शकते आणि दोन्ही जुन्या असू शकतात. त्या ठाऊक असणारी माणसे बहुधा वृद्ध स्त्रिया व निवृत्त पाळक असतात. अलीकडे विजेवरचा कीबोर्ड व तयार ताल देणारी यंत्रे लहान मंडळ्यांतही आली असून हिंदी स्तुतिगीतांचा प्रभाव वाढला आहे. त्याच वेळी भ्रमणध्वनीमुळे ध्वनिमुद्रण कोणालाही शक्य झाले आहे. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखनपद्धतीत या चाली टिपून घेणे अवघड नाही. मात्र त्यासाठी पेटीवाल्याने आधी ज्येष्ठ गायिकेच्या शेजारी बसून, पेटी न वाजविता, ऐकावे लागते. पट्टीवर बसवून घेतलेली चाल लिहून काढली, तर तिच्यातील आंदोलित स्वर व मींड कागदावर येण्यापूर्वीच गळून पडतात.