आधार द्या, पण हात बांधू नका

साताऱ्यातील आमचा एक जुना विद्यार्थी बांधकामावरून पडला. मणक्याला मार बसून मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालची हालचाल गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची अम्मी त्याला घास भरवत होती. हात मात्र त्याचे धडधाकट होते! अम्मी आत गेल्यावर तो म्हणाला, "सर, मला कुणी काहीच करू देत नाही."

आजाऱ्याची खिदमत हे सवाबचे काम आहे, यात शंका नाही. पण जे काम तो स्वतः करू शकतो, तेही आपण केले तर त्याची उमेद खचते.

आपल्या भागातलीच दोन माणसे पाहा. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तरुणपणी निकामी झाले. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना धीर आला. त्यांनी शिक्षण घेतले, नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन प्रत्येक घरात वाचले जावे.

पदक सर्वांना मिळणार नाही. पण आपली अंघोळ, आपले कपडे, आपले जेवण एवढे तरी अनेकांना साधते. त्यासाठी घरच्यांनी काही गोष्टी जाणून घ्याव्यात.

संवेदना नसलेल्या भागावर सतत दाब राहिला की जखमा होतात. म्हणून अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलण्याची सवय लावावी. गरम पाणी आधी हाताने तपासावे, कारण पाय भाजले तरी कळत नाही. लघवीसाठी नळी वापरण्याची पद्धत आणि पलंगावरून खुर्चीत सरकण्याचे तंत्र डॉक्टर व फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. उंबऱ्याशी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी ठेवावी. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडा बसवावा. पाण्याचा तांब्या, कपडे, मोबाईल हाताशी ठेवावेत.

इबादतीचेही तसेच. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करण्याची मुभा हदीसमध्ये आहे. लघवीच्या नळीमुळे वुजूबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारावे. नमाज सोडू नये.

आम्ही अम्मीशी बोललो. त्या रडल्या. "तो पडला तर?" असे त्यांनी विचारले. भीती खरी होती. म्हणून सुरुवात लहान केली : जेवण त्याने स्वतः जेवायचे, अम्मीने समोर बसायचे. काही महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा तो खुर्चीत बसून, मांडीवर तसराळे घेऊन वुजू करत होता. पाणी थोडे सांडत होते. अम्मी दारात उभी होती. हात पुढे आला, पण तिने तो मागे घेतला.

ही खिदमतच होती.