महामार्गाचं दप्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीहून नागपूरकडे निघायचं तर आधी तालुक्याचं ठिकाण असलेलं महागाव गाठायचं आणि तिथून नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ धरायचा. आता तो चौपदरी आहे. यातला महागाव ते यवतमाळ हा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा दिलीप बिल्डकॉन या कंपनीने ‘हायब्रिड ॲन्युइटी’ पद्धतीने बांधला. या पद्धतीत खर्चाचा ४० टक्के वाटा सरकार बांधकाम चालू असतानाच टप्प्याटप्प्याने देतं, उरलेले ६० टक्के रस्ता सुरू झाल्यावर साधारण १५ वर्षं, दर सहा महिन्यांनी चुकते होतात. प्रत्येक टप्प्याचे पैसे प्रत्यक्ष झालेल्या कामावर. मग काम किती झालं हे ठरवायचं कोणी, आणि चार वर्षांनी वाद निघाला तर ते सिद्ध कशाने करायचं?

मोठ्या अभियांत्रिकी प्रकल्पांत क्लाउड कॉम्प्युटिंगचा शिरकाव झाला तो या प्रश्नाच्या वाटेने. वेग, आधुनिकता वगैरे गोष्टी जाहिरातीत ठीक. कंत्राटदाराला आणि सरकारला आधी हवा असतो तो न हरवणारा, न बदलता येणारा कागद.

रस्त्याच्या भरावाचा एकच थर घ्या. यवतमाळ हा कापसाचा, म्हणजे काळ्या जमिनीचा जिल्हा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकवायचा तर चांगल्या मुरमाचा भराव नीट दाबून घ्यावा लागतो. रोलर फिरल्यावर एका थराची जाडी २०० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, असा साधारण दंडक. घनता प्रयोगशाळेत ठरलेल्या कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के हवी, आणि डांबराच्या किंवा काँक्रीटच्या थरांखालच्या सबग्रेडला ९७ टक्के. ती तपासायला थरात छोटा खड्डा खणतात, निघालेली माती तोलतात, खड्ड्यात ठरावीक वाळू ओतून त्याचं आकारमान काढतात आणि गणित मांडतात. तपासणीसाठी कंत्राटदाराचा माणूस सल्लागार अभियंत्याकडे ‘आरएफआय’ म्हणजे तपासणीची मागणी टाकतो. त्यावर साखळी क्रमांक, कितवा थर, डावी बाजू की उजवी, हे सगळं असतं. सही होईपर्यंत पुढचा थर टाकायचा नाही.

एका टप्प्यात अशा चिठ्ठ्या हजारोंनी निघतात. मोऱ्यांचं लोखंड, पुलाचे काँक्रीट ठोकळे, गिट्टीची चाळणी, प्रत्येकाची वेगळी. कागदाच्या जमान्यात त्या तीन प्रतींत लिहायच्या, मोटरसायकलवरून कॅम्प ऑफिसात पोचवायच्या, मग पत्र्याच्या शेडमधल्या कपाटात जायच्या. सही उशिरा झाली की तारीख मागची पडायची. साहेबांची बदली झाली की फाइल कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा माणूसच उरायचा नाही.

क्लाउडवर हीच चिठ्ठी फोनवर किंवा टॅबवर भरली जाते. सोबत थराचा फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश. अर्ज किती वाजता आला, कोणी उघडला, कधी परत पाठवला, याची नोंद यंत्रणा आपोआप ठेवते. माहिती साठते ती कॅम्पच्या संगणकात नव्हे, दूर कुठेतरी, चोवीस तास वीज आणि गारवा असलेल्या सर्व्हरांच्या इमारतीत. त्या जागेचं आणि ताकदीचं भाडं वापराप्रमाणे भरायचं. अशा इमारती आपल्या राज्यातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई परिसरात क्लाउड केंद्रं सुरू केली. केंद्र सरकारच्या स्वतःच्या क्लाउड उपक्रमाचं नाव ‘मेघराज’.

रस्त्याच्या कामाला ही भाड्याची सोय विशेष मानवते. कारण प्रकल्पाचं ऑफिसच मुळी तात्पुरतं. सुरुवातीला मूठभर माणसं, ऐन हंगामात शेकडो, काम संपलं की शेड उतरवून सगळे दुसऱ्या जिल्ह्यात. एवढ्यासाठी माळरानावर स्वतःचे सर्व्हर बसवायचे, त्यांना धुळीपासून आणि भारनियमनापासून जपायचं, हा उद्योग कोण करणार?

भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जून २०२० मध्ये, कोविडच्या काळातच, आपलं सगळं प्रकल्प-व्यवस्थापन ‘डेटा लेक’ या क्लाउडवरच्या पोर्टलवर नेलं. कागदपत्रं, करारासंबंधीचे निर्णय, मंजुऱ्या, सारं काही पोर्टलवरूनच होईल असं जाहीर झालं. त्यामागे कडू अनुभव होता. प्राधिकरण आणि कंत्राटदार यांच्यात दावे-प्रतिदाव्यांचा ढीग साचला होता, आणि बहुतेक वादांची कारणं तीच ती: जमीन वेळेत मोकळी करून दिली नाही, विजेचे खांब नि पाइपलाइन हलवायला उशीर झाला, यंत्रं आणि माणसं नुसती बसून राहिली, निर्णय लटकला. प्रत्येक बाजू आपल्या फाइलमधली पत्रं दाखवायची. पुढच्याच वर्षी प्राधिकरणाने कामांचं दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण करून ते या पोर्टलवर चढवणं बंधनकारक केलं. मागच्या महिन्याची फीत आणि या महिन्याची फीत शेजारी-शेजारी लावली की खांब हलला की नाही हे कोणालाही दिसतं. लवादापुढे आणि न्यायालयात हीच चित्रफीत पुरावा म्हणून ठेवता येते.

सगळ्यांकडे एकच प्रत असणं ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. एअरबसच्या ए-३८० या अवाढव्य विमानाचा किस्सा प्रसिद्ध आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गची आणि फ्रान्समधल्या तुलूजची पथकं एकाच आराखडा-सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत होती. जोडणीच्या वेळी कळलं, की वायरी पुरत नाहीत. एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायर असते, त्यामुळे हे दोन-चार ठिकाणी जोड देऊन भागणारं प्रकरण नव्हतं. २००६ मध्ये कंपनीला मोठी दिरंगाई जाहीर करावी लागली. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

याच्या उलट उदाहरण शोधायला लांब जायला नको, फुलसावंगीकर नागपुरात शिरतो त्या वर्धा रोडवरच ते उभं आहे. तिथे खाली जुना रस्ता, त्यावर वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, वरचे दोन्ही मजले खांबांच्या एकाच रांगेवर. ३.१४ किलोमीटर लांबीच्या या दुमजली पुलाची गिनीज बुकात नोंद झाली. खांब एक, पण त्यावर हक्क महामार्ग आणि मेट्रो अशा दोन यंत्रणांचा; तेव्हा दोघांचे नकाशे वेगवेगळे असून कसं चालेल? नागपूर मेट्रोने सुरुवातीपासून ‘फाइव्ह-डी बिम’ पद्धत धरली. इमारतीचं त्रिमितीय प्रतिरूप, त्याला जोडलेलं वेळापत्रक ही चौथी मिती आणि खर्च ही पाचवी. आराखड्यासाठी बेंटलीची, वेळापत्रकासाठी प्रायमावेराची, हिशेबासाठी सॅपची प्रणाली, आणि त्या एकमेकींशी बांधलेल्या. तुळई बदलली की तारीख आणि रक्कम दोन्हींत तो फरक उमटावा, ही त्यामागची कल्पना. मार्च २०१९ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा धावू लागला, ११ डिसेंबर २०२२ ला पहिल्या पर्वाचे उरलेले मार्ग खुले झाले.

अर्थात क्लाउडवर चढवलेलं सगळं खरंच असतं असं नव्हे. वाळूची चाचणी न करताच आकडा भरला, तर तो खोटा आकडा दिल्लीपर्यंत चकचकीत आलेखात दिसेल, एवढंच. फोटोला अक्षांश-रेखांश असतात, मुरमाच्या प्रतीला नसतात. रेंजची अडचणही आहेच. त्यासाठी ही ॲप माहिती फोनमध्ये साठवून ठेवतात आणि नेटवर्क मिळालं की वर पाठवतात. आणि कितीही पोर्टलं आली तरी साइटवरचं निम्मं बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं, हे कोणताही जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, हसत कबूल करेल. ते बोलणं कुठल्याच दप्तरात जात नाही.

मोठी उणीव मात्र दुसरीच आहे. डेटा लेक हे प्राधिकरण, सल्लागार आणि कंत्राटदार यांचं दप्तर आहे. ज्याच्या शेतातून रस्ता गेला त्याला त्यात डोकावता येत नाही. त्याच्या वाट्याला ‘भूमिराशी’ येतं. २०१८ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या भूसंपादनाच्या अधिसूचना या पोर्टलवरून निघतात आणि मोबदल्याची वाट सरकारी देयक-प्रणालीला जोडलेली आहे. गावाला जोडणारा रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला असेल, तर २०१५ मध्ये आलेल्या ‘मेरी सडक’ ॲपवरून खड्ड्याचा फोटो पाठवून तक्रार करता येते. याच योजनेतल्या रस्त्यांच्या देखभालीची बिलं ‘ई-मार्ग’ या प्रणालीतून निघतात. अभियंत्याने जागेवर जाऊन फोटो चढवायचा आणि रस्ता किमान दर्जाचा असेल तरच पैसे सुटायचे. कंत्राटदाराने बांधलेल्या रस्त्याची पहिली पाच वर्षं देखभालही त्यानेच करायची असते, पण ही अट गावात फारच थोड्यांना ठाऊक असते.

जिल्ह्यातलं पुढचं मोठं काम रेल्वेचं आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली, आणि त्यातल्या वर्धा-कळंब तुकड्याचं लोकार्पण यवतमाळमध्ये २८ फेब्रुवारी २०२४ ला झालं. पुढे पुसद आणि उमरखेडहून नांदेडपर्यंतचा पल्ला आहे. मंजुरीच्या वेळी फाइलवर सही करणारे किती अधिकारी आज त्याच खुर्चीत असतील? जमिनीची मोजणी, पुलांचे नकाशे, मातीच्या चाचण्या या सगळ्या नोंदी मात्र रूळ नांदेडला टेकेपर्यंत, आणि त्यानंतर गाड्या धावत असेपर्यंत, कोणीही मागितल्या तर सापडायला हव्यात.