गुलाबी पाणी आणि बिडाचं इंजिन

मांडवीकाठी मालीमच्या जेटीजवळ वाढलेल्या माणसाला बोटीच्या इंजिनाचा शत्रू कोण असं विचारलं, तर तो झोपेतही ‘खारं पाणी’ म्हणेल. माझे मामा तिथे ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचे. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दिवस (हल्ली १ जून ते ३१ जुलै) हा त्यांचा खरा हंगाम. ट्रॉलर धक्क्याला लागलेले, इंजिनं उघडून ठेवलेली आणि मामा गंज खरवडत बसलेले. शाळा सुटली की मी त्यांच्या हाताशी पाने द्यायला जायचो. गोड्या पाण्यानंही इंजिन फुटतं, हे कळायला मात्र मला मिनेसोटाला यावं लागलं. ते कळण्याची किंमत दोन घरांनी मोजली.

मिनेसोटा म्हणजे अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचं, कॅनडाला लागून असलेलं राज्य. दहा एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरं इथे आहेत. नोकरीनिमित्त मी मिनियापोलिसला आलो आणि तिसऱ्या वर्षी ऑफिसातल्या मित्राबरोबर निम्म्या-निम्म्या पैशांत एक जुनी बोट घेतली. हा मित्र इंदूरचा. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, त्यामुळे ‘बोटीतलं तुला कळतं भिया, इंजिन तू बघ’ हे पहिल्या दिवशीच ठरून गेलं. मीही छाती फुगवून हो म्हटलं. बोट अठरा फुटी, आत ४.३ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. उन्हाळाभर दोन्ही घरची मंडळी मिनेटोंका सरोवरावर. वहिनींचे पोहे आणि वर शेव, तेही पाण्याच्या मधोमध!

ऑक्टोबर आला, की इथल्या घरोघरच्या अंगणांत बोटी दिसू लागतात. डिसेंबरात सरोवरं गोठतात, ती सुटायला साधारण एप्रिलचा मध्य उजाडतो. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे २० च्या खाली जाणं ही इथे बातमी नसते. पण बोटीला त्या कडाक्याची गरजच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली उणे ५-६ ची एखादी रात्र पुरते.

कारण असं. मोटारीच्या इंजिनात थंड करणारं पाणी बंद चक्रात फिरतं आणि त्यात ग्लायकॉल मिसळलेलं असतं. निम्मं-निम्मं मिश्रण असेल तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मामांच्या ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांतही आतलं पाणी वेगळं, बाहेरचं समुद्राचं पाणी वेगळं. आमच्या बोटीसारख्या बऱ्याच पेट्रोल बोटींत मात्र ही चैन नाही. इंजिन सरोवराचंच पाणी आत ओढतं, अंगातून फिरवतं आणि धुराबरोबर मागे फेकतं. इंजिन बंद केलं तरी त्यातलं बरंचसं पाणी ब्लॉकच्या पोकळ्यांत तसंच राहतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ब्लॉक बिडाचा. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. ते वाकत नाही, सरळ तडकतं.

(ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या असतात, त्यांना इथे ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात. पाणी गोठलं की त्या बाहेर पडून इंजिन वाचतं, असा समज आहे. मुळात ती भोकं ओतकामातली वाळू काढण्यासाठी ठेवलेली असतात. टिकली कधी निघते, कधी निघत नाही. तिच्या भरवशावर कुणी राहू नये.)

एवढं सगळं मी वाचलं होतं. एका शनिवारी अंगणात ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढले. डावीकडून धो धो पाणी आलं. उजवीकडून चार थेंब आले आणि थांबले. मला वाटलं, बोट जरा कललेली आहे, तिकडचं पाणी इकडून गेलं असणार. प्लग लावले, बादलीत गुलाबी अँटिफ्रीझ ओतलं आणि इंजिनाला ते ओढू दिलं. अर्ध्या मिनिटात मागून गुलाबी पाणी आलं. मी फोटो काढून मित्राला पाठवला, खाली लिहिलं, ‘झालं. आता एप्रिल.’ वेळ लागला चाळीस मिनिटं.

एप्रिलमध्ये डिपस्टिक बाहेर काढली तर तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा. म्हणजे तेलात पाणी. उजव्या बाजूला, ब्लॉकवर बोटभर लांबीची केसासारखी चीर. नळ जोडला की तिच्यातून पाणी झिरपायचं.

मित्र शेजारी उभा होता. मी काय म्हणालो असेन? ‘अँटिफ्रीझ भिकार निघालं.’ आणि वर ‘स्वस्तातलं तूच आणलं होतंस.’ तो काही बोलला नाही. विम्यात गोठण्याचं नुकसान धरलेलं नव्हतं. दुसरं इंजिन बसवायचं तर बोटीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च. त्या आठवड्यात ऑफिसातला आमचा दुपारचा चहा बंद झाला.

खरं काय ते एका म्हाताऱ्या मेकॅनिकने दोन मिनिटांत दाखवलं. उजवा प्लग काढला, भोकात तार घातली आणि फिरवली. तांबूस चिखल बाहेर आला. वर्षानुवर्षांचा गंज आणि सरोवराची माती. तिने भोक बुजलं होतं, म्हणून चार थेंबच आले. मग गुलाबी पाणी कसं आलं? इंजिन गार होतं. गार इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो आणि अशा इंजिनांत बाहेरून येणारं पाणी ब्लॉकला वळसा घालून थेट मॅनिफोल्डमधून मागे निघतं. माझं अँटिफ्रीझ ब्लॉकमध्ये गेलंच नव्हतं. दिवसभर सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिणारा मी, भलत्याच गोष्टीची चाचणी पास झाली म्हणून फोटो पाठवून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो आणि हे जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या इंजिनाचे पैसे मी भरतो, असंही म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पैसे निम्मे-निम्मेच. पण पुढच्या वेळी मी समोर उभा राहणार, आणि विचारीन ते सांगायचं.’

त्या रात्री मामांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘तार घातली नव्हतीस? लहानपणी माझ्याकडे काय बघत होतास रे?’

पुढच्या ऑक्टोबरात आम्ही दोघांनी अख्खा दिवस घालवला. आधी टाकीत स्टॅबिलायझर घातलं. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं आणि उभ्या गाडीत पेट्रोल खराब होतं. (आता भारतातही २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. गावाकडच्या घरी महिनोन्महिने उभ्या असलेल्या स्कूटरचा विचार जरूर करा.) मग पाणी घेणाऱ्या भोकांवर रबरी कप बसवून नळ जोडला आणि इंजिन पंधरा मिनिटं चालवलं. ते गरम झालं, स्टॅबिलायझर सगळीकडे पोचलं. तेल गरम असतानाच बदललं, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल आणि पाणी हिवाळाभर बेअरिंगवर बसू देण्यात शहाणपण नाही. खालच्या गिअरचं तेलही काढून पाहिलं. ते दुधाळ निघालं असतं तर तिथेही पाणी शिरलंय असं समजायचं.

मग प्लग. ब्लॉकचे दोन, दोन्ही मॅनिफोल्डचे एकेक, शिवाय पंपाची नळी सोडवायची. प्रत्येक भोकात तार. उजवीकडून या वेळी इतकं पाणी आलं, की मित्र माझ्याकडे बघून हसला. बोट पुढून-मागून कलवून पुन्हा थेंब येतात का पाहिलं.

पाणी काढल्यावरच अँटिफ्रीझ, तेही वरची नळी सोडवून थेट ब्लॉकमध्ये ओतलं. म्हणजे थर्मोस्टॅटचा प्रश्नच नाही. डब्यावरचा उणे आकडा शुद्ध द्रवाचा असतो. आत पाणी उरलं असेल तर ते पातळ होतं आणि तो आकडा खोटा ठरतो. गुलाबी असतं ते बहुतेक प्रॉपिलीन ग्लायकॉल. मोटारीतलं एथिलीन ग्लायकॉल विषारी, चवीला गोड, कुत्री चाटतात. ते बोटीत वापरू नये, कारण वसंतात ते थेट सरोवरात जातं. आम्ही गुलाबीसुद्धा एप्रिलमध्ये अंगणातच बादलीत धरतो.

शेवटी सिलिंडरमध्ये गंज धरू नये म्हणून फॉगिंग ऑइल मारलं. पांढऱ्या धुराने अंगण असं भरलं, की शेजारच्या आजी दार उघडून बघायला आल्या. बॅटरी काढून तळघरात नेली. भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठू शकते. बोटीच्या तळाचं बूच काढलं आणि वर ताडपत्री बांधली.

प्लग आम्ही परत लावत नाही. अँटिफ्रीझ ब्लॉकमधून फिरलं, की तेही काढून टाकतो आणि भोकं हिवाळाभर उघडीच ठेवतो. रिकाम्या जागेत गोठायला काही उरत नाही. पितळेचे चार प्लग आणि तळाचं बूच एका पिशवीत घालून पिशवी स्टिअरिंगला बांधतो, म्हणजे वसंतात कुणी घाईने बोट पाण्यात लोटणार नाही. गाठ मी मारतो. त्याआधी मित्र पिशवी हातात घेऊन मोठ्याने पाच मोजतो. यंदा त्याच्या मुलीने मोजले.