ग्राफिक्स कार्डातील बायॉसचे पुनर्लेखन

मराठी उच्चारांच्या यांत्रिक ओळखीचे प्रयोग आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात झालेले आहेत. अशा कामी लागणारे विपुल गणन आता ग्राफिक्स कार्डावर करण्याचा प्रघात आहे. आणि ज्यास नवे कार्ड परवडत नाही तो विद्यार्थी साहजिकच जुन्या मालाकडे वळतो. त्या मालात आभासी चलनाच्या मायनिंगसाठी राबलेली कार्डेही असतात, आणि त्यांपैकी कित्येकांचा बायॉस बदललेला असतो. हा बदल भाषेच्या अभ्यासकास का बाधावा, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

बायॉस म्हणजे कार्डास चालू होताच लागणारा आज्ञांचा व कोष्टकांचा मजकूर. तो ज्या स्मृतीत असतो तिला 'फ्लॅश' हे नाव तोशिबा कंपनीतील शोजी आरिइझुमी यांनी सुचविले. सारा मजकूर एकदम पुसला जाताना पाहून त्यांना कॅमेऱ्याच्या प्रकाशझोताची आठवण झाली. आपल्याकडील धूळपाटीही अशीच हाताच्या एका फटकाऱ्याने पुसून पुन्हा गिरवीत असत. 'मायनिंग' हा शब्द मात्र फसवा होय. त्यात खणावयाचे काही नसते. विशिष्ट अट पाळणारी संख्या सापडेपर्यंत अंदाज करीत राहावयाचे, इतकेच.

इथेरियम या चलनात अशा प्रत्येक अंदाजास स्मृतीतून 128 बाइटांचे 64 तुकडे, म्हणजे 8,192 बाइट, वाचावे लागत. एएमडीच्या 2017 मधील आरएक्स 580 या 8 जीबी कार्डाची वाचनक्षमता सेकंदास 256 अब्ज बाइट आहे. भागाकार केल्यास सेकंदास सुमारे 3.12 कोटी अंदाज ही मर्यादा येते. प्रत्यक्षात मूळ बायॉसवर ते जेमतेम 2.2 ते 2.4 कोटी होत. उरलेला वेळ जाई तो विरामांत. स्मृतीतील ओळ उघडणे, वाचणे व मिटणे यांमध्ये थोडे थांबावे लागते आणि वेगाच्या प्रत्येक टप्प्यासाठी या विरामांचे कोष्टक बायॉसमध्ये लिहिलेले असते. फेरफार करणारा खालच्या टप्प्याचे आखूड विराम वरच्या टप्प्यात आणून बसवी, बहुधा स्मृतीचा वेगही वाढवी, आणि तपासणीचा अंक जुळवून नवा मजकूर फ्लॅश करी. अंदाज मग 3 कोटींच्या घरात जात. (एनव्हिडियाने नंतरच्या कार्डांत बायॉसवर अंकीय स्वाक्षरी आणल्यामुळे तेथे ही वाट बव्हंशी बंद झाली.)

आखूड विरामांत क्वचित एखादा बिट चुकीचा वाचला जातो. मायनिंगला त्याची फिकीर नव्हती: चुकलेले उत्तर पडताळणीत तत्काळ नाकारले जाई, आणि कोट्यवधींतील एक अंदाज वाया जाई. आपल्या कामात अशी पडताळणी नाही. भाषेच्या प्रतिमानातील एखादा गुणांक बिघडला तर तो पुढील प्रत्येक बेरजेत मुरतो. निष्कर्ष मात्र सुबक दिसतो. वर सांगितलेल्या कार्डात स्मृतीतील चूक आपोआप दुरुस्त करण्याची सोयही नाही. स्वनिमांच्या ओळखीत दोन-तीन टक्क्यांचा फरक दाखवून प्रबंध लिहिला जातो, तेव्हा हा धोका क्षुल्लक मानता येत नाही.

15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने ही पद्धत सोडली. कार्डे मात्र शिल्लक राहिली. असे कार्ड घेणाऱ्याने प्रथम त्यातील मजकुराची प्रत काढून ठेवावी, निर्मात्याच्या मूळ बायॉसशी ती ताडून पाहावी आणि दीर्घ स्मृतिचाचणी घ्यावी. काही कार्डांवर दोन बायॉस व एक बारीक खटका असतो. एकच बायॉस बदललेला असल्यास खटका सरकवताच मूळ मजकूर हाती लागतो.