सज्ञान झालेला रुग्ण

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील आश्रमशाळेत शिकणारा, सिकलसेलने आजारी असलेला एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. लहानपणापासून त्याच्या दुखण्याची चिंता इतरांनीच वाहिलेली असते. गोळी अधीक्षकांनी हातावर ठेवायची, ताप आला की शिक्षकांनी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे आईने द्यायची. बारावीची परीक्षा संपते आणि वसतिगृहाबरोबर हा सारा आधारही सुटतो. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादाही वयाच्या १८ वर्षांपर्यंतच आहे. मुलगा सज्ञान होतो. आजार मात्र त्याची सोबत सोडत नाही.

सिकलसेल हा जन्मजात रक्तदोष. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता, ताप व अतिश्रम ही त्याची नेहमीची निमित्ते. शाळा सोडलेला हाच मुलगा हिवाळ्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला गेला, तर यांतील बहुतेक निमित्ते तेथे एकत्रच भेटतात. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मध्येच का सोडू नये, ताप आल्यास किती तातडीने रुग्णालय गाठावे, हे त्याला स्वतःला कोणी समजावलेलेच नसते. मुलीची अडचण आणखी नाजूक. विवाहापूर्वी जोडीदाराची रक्ततपासणी व्हावी, गर्भधारणेपूर्वी चालू औषधांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या देखत विचारायला ती संकोचते; आणि तिला एकटीला आत बोलावण्याची पद्धत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील डॅलस येथे अशा ९४० मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ९४ टक्के मुले १८ वर्षांपर्यंत जगतील असे आढळले. परंतु अलीकडच्या काळातील बहुतेक मृत्यू अठराव्या वर्षानंतर, प्रौढांच्या दवाखान्यात गेल्यावर थोड्याच अवधीत झालेले होते. साधनसंपन्न देशात जर हे घडते, तर आपल्याकडे बेफिकीर राहून कसे चालेल?

शासन स्वस्थ बसले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले; ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. परंतु तपासणीने रुग्ण सापडतो. तो आपला आजार सांभाळण्यास समर्थ होतोच असे नाही. ते सामर्थ्य शिकवावे लागते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षीच सुरू करावयाची असते. आपल्याकडे ती आठवी-नववीच्या वर्गात सुरू करण्यास काय हरकत आहे?

बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, डॉक्टर अपुरे असतात, हे खरे. पण सुचविण्यासारखे उपाय फार खर्चाचे नाहीत. डॉक्टरांनी पहिला प्रश्न मुलालाच विचारावा आणि थोडा वेळ त्याच्याशी एकट्याने बोलावे. रक्तगट, दिलेले रक्त, चालू औषधे, पूर्वीची गंभीर दुखणी यांची मराठीतील वही त्याच्या हाती द्यावी. शाळा सुटण्यापूर्वी एकदा तरी त्याला प्रौढांच्या विभागात नेऊन तेथील डॉक्टरांची ओळख करून द्यावी. गोळीची वेळ पाळण्याची जबाबदारी अधीक्षकांनी हळूहळू त्याच्याकडे सोपवावी. मधुमेह, थॅलेसेमिया किंवा जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांनाही हेच लागू आहे.

नाशिकला या कामी पुढाकार घेता येईल. आश्रमशाळांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे आणि १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठही येथेच. एकाच्या हाती शिक्षक आहेत, दुसऱ्याच्या हाती उद्याचे डॉक्टर. या दोघांनी एकत्र बसून एक साधी कार्यपद्धती आखावी. आईचे बोट धरून दवाखान्यात आलेले मूल एक दिवस एकटेच त्या दारात उभे राहणार आहे. त्या दिवशी आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगता यावे, एवढे तरी शिक्षण त्याला शाळेतून मिळालेच पाहिजे.